हरिप्रियाची वेटिंग लिस्ट

नव्या विमानतळाचा पहिला दिवस सगळ्यांनी पाहिलेला असतो. अग्निशमनाचे दोन बंब विमानावर पाण्याची कमान धरतात, पहिल्या प्रवाशाच्या हातात गुलाब आणि पेढा देतात, मंत्री झेंडा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी त्याच गावातल्या ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर कोणीतरी रात्री साडेदहाला वही घेऊन उभं होतं, हे पेपरात येत नाही. त्या उभ्या राहणाऱ्यांतली मी एक. कुठल्या गावाहून कुठे जायला किती माणसं मिळतील, त्यांच्यासाठी कोणती कंपनी कोणतं विमान लावेल आणि ते विमान दुसऱ्या वर्षीही येत राहील का, याचे अंदाज मी वीस वर्षं बांधले. विमानतळाला असे अंदाज लागतात, कारण धावपट्टी एकदा बांधली की ती जागची हलत नाही. विमान मात्र कंपनी एका हंगामात दुसरीकडे नेते.

सुरुवात ट्रॅव्हल्सच्या डिकीपासून करते. तिकीटविक्रीचा जगभरचा डेटा विकत मिळतो. तो महाग असतो आणि त्यात एक मोठं भोक असतं. प्रवासी ज्या विमानतळावरून उडतो, त्याच शहराच्या नावावर तो जमा होतो. लातूरचा माणूस हैदराबादहून उडाला तर तो हैदराबादकर ठरतो. ज्या गावाला विमानसेवाच नाही, त्या गावाचा हवाई प्रवासी त्या डेटात शून्य असतो. आमच्या भाषेत याला गळती म्हणतात आणि ही गळती मोजणं हे आमच्या कामातलं सर्वांत चिवट काम. मराठवाड्यातल्या एका शहरासाठी आम्ही हे काम घेतलं होतं. तिथल्या सगळ्या मान्यवरांचं एकच म्हणणं होतं: मुंबईचं विमान द्या. आम्ही थांब्यावर माणसांना विचारलं तर तेही सवयीने मुंबईच म्हणत. तिसऱ्या रात्री बुकिंगवाला मला म्हणाला, ‘‘मॅडम, माणसांना काय विचारता? बॅगा बघा की.’’

विमानात दिलेल्या बॅगेच्या मुठीला एक लांब कागदी पट्टी चिकटवतात. त्यावर बॅग जिथे उतरवायची त्या विमानतळाची तीन मोठी अक्षरं असतात. पीएनक्यू म्हणजे पुणे, बीओएम म्हणजे मुंबई, एचवायडी म्हणजे हैदराबाद. आपली माणसं ती पट्टी फाडायला विसरतात आणि ती महिनोन्‌महिने मुठीला लोंबत राहते. म्हणजे परत येताना हा माणूस कुठे उतरला, ते बॅगेवरच लिहिलेलं असतं. त्या रात्रीपासून आम्ही टॉर्च घेऊन डिकीत वाकून पट्ट्या मोजायला लागलो. पुण्याच्या गाडीत, मुंबईच्या गाडीत, सगळीकडे. एचवायडी इतर दोघांच्या पुढे निघालं. दवाखान्यासाठी, आयटीतल्या मुलाकडे, आखाती देशातल्या नोकरीवर जायला गाव हैदराबाद गाठत होतं आणि मागत मात्र मुंबई होतं. लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्या दिवसाचा, २७ एप्रिल २०१७चा, शिमला-दिल्ली विमानाचा फोटो सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच दिवशी त्याच योजनेत नांदेडहून एक विमान सुरू झालं. ते हैदराबादला गेलं.

दुसरा किस्सा आबांचा. आम्ही अंदाज बांधतो त्या खोलीत एक ठरलेलं गणित असतं, त्याला ग्रॅव्हिटी मॉडेल म्हणतात. दोन शहरांची लोकसंख्या आणि उत्पन्न घ्यायचं, त्यांचा गुणाकार करायचा, मधल्या अंतराने भागायचं आणि जो आकडा येईल त्यावरून त्या दोन शहरांत किती प्रवास होईल ते ठरवायचं. न्यूटनचा नियम माणसांना लावल्यासारखा. बऱ्याच ठिकाणी तो बराचसा चालतोही. कोल्हापूरची यादी काढली तेव्हा वर मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली अशी अपेक्षित नावं आली. तिरुपती पार तळाला गेलं. तिरुपती लहान, अंतर मोठं, दोन्हीकडे धंद्याचा संबंध नाही. मशीनने त्याला जवळजवळ खोडूनच टाकलं होतं.

खोलीतले सर्वांत ज्येष्ठ सहकारी कोल्हापूरचे. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी माझ्या खांद्यावरून यादी वाचली आणि म्हणाले, ‘‘पोरी, बालाजीला जाऊन अंबाबाईला न गेलेल्याची यात्रा पुरी होत नाही म्हणतात. हे तुझ्या गणितात कुठं घातलंस?’’ मी म्हटलं, ‘‘आबा, त्याला रकाना नाही.’’ ते म्हणाले, ‘‘मग रेल्वेला विचार.’’

कोल्हापूरहून तिरुपतीला हरिप्रिया एक्सप्रेस जाते. हरिप्रिया म्हणजे हरीची प्रिया, म्हणजे लक्ष्मी. ज्याने त्या गाडीला हे नाव दिलं, त्याने आमच्या मॉडेलचा निकाल आधीच लावून ठेवला होता. त्या काळात मी रोज सकाळी चहाआधी पुढच्या दोन महिन्यांची हरिप्रियाची वेटिंग लिस्ट उघडून तारीखवार वहीत उतरवत असे. लग्नसराई संपली, सुट्ट्या संपल्या, तरी ती यादी पूर्ण ओसरायची नाही. नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईसाठी शालू येतो. तो जसा न चुकता येतो, तशी माणसंही न चुकता जात होती आणि गाडीत रात्र काढत होती. आम्ही यादी फाडून नव्याने केली. पुढे मे २०१९मध्ये इंडिगोने एटीआर विमानाने कोल्हापूर-तिरुपती सेवा सुरू केली. ती आमच्या तक्त्यावरून केली, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या खोलीतही कोणीतरी आबा असणार.

तेव्हापासून नवं शहर हाती आलं की मी आधी तिथून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची नावं वाचते. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या गाडीचं नाव सचखंड एक्सप्रेस आहे. उत्पन्न आणि लोकसंख्येच्या गणितात नांदेड आणि अमृतसर एकमेकांना ओळखतही नाहीत. एअर इंडियाने २०१७च्या अखेरीस या दोन शहरांत विमान सुरू केलं.

मागणी सापडली म्हणजे काम झालं, असं मला पहिली काही वर्षं वाटत होतं. तो गैरसमज मुंबईने काढला. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर त्यांनी ८ डिसेंबर २०१८ला २४ तासांत १,००७ विमानं चढवली-उतरवली. तो तेव्हाचा विक्रम होता आणि तिथल्या नियंत्रकांना त्यासाठी नमस्कार करावा. पण त्या १,००७ मध्ये १९ आसनी विमानाला जागा कुठे? मोठं जेट गेलं की मागे हवेत भोवरे राहतात. लहान विमान त्यात सापडू नये म्हणून त्याला जास्त अंतर ठेवून आणावं लागतं. म्हणजे १८० माणसांच्या विमानाला लागतो त्याहून जास्त वेळ १८ माणसांना लागतो. मुंबई-जळगाव विमान २३ डिसेंबर २०१७ला एअर डेक्कनने सुरू केलं, ते याच जातीच्या लहान बीचक्राफ्टने. खानदेशातल्या माणसाला त्या सेवेचं किती कौतुक होतं, ते मी जळगावात पाहिलं आहे. पण मुंबईत प्रत्येक मिनिटासाठी भांडण होतं आणि त्या भांडणात लहान विमान नेहमी शेवटी उभं असायचं.

याच कारणाचा मला सर्वांत लागलेला किस्सा दुसऱ्या एका विमानतळाचा. त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या व्यापाऱ्यांशी आम्ही महिनाभर बोललो होतो. प्रत्येकाची गरज एकच: सकाळी मुंबई, दिवसभर काम, रात्री घरी. आमचा सगळा अंदाज त्या वेळेवर उभा होता. प्रत्यक्षात मुंबईत स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मिळाला दुपारचा. दुपारी दीडला निघायचं, अडीचला उतरायचं आणि परतीचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे हॉटेलचा एक मुक्काम आला आणि कामाचे दोन अर्धे दिवस गेले. व्यापारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जात राहिले, कारण ट्रॅव्हल्स त्यांना पहाटे दादरला उतरवते. काही महिन्यांत सेवा बंद झाली. बंद करण्याच्या फाईलवर मी स्वतः वाचलेलं कारण असं होतं: ‘या मार्गावर मागणी नाही.’ पुढच्या वेळी कोणी नवा सल्लागार त्या गावाचा अभ्यास करेल तेव्हा ती फाईल त्याच्यासमोर येईल आणि तो तिच्यावर विश्वास ठेवेल. आमच्या धंद्यात एका चुकीच्या वेळापत्रकाचं ओझं गावाला दहा वर्षं वाहावं लागतं. हे मी त्या दिवशी शिकले आणि अजून विसरलेले नाही.

कोकणाचा किस्सा थोडा वेगळा. विमानतळाभोवती दोन-अडीच तासांच्या गाडीच्या प्रवासाचं वर्तुळ काढायचं आणि त्यातली माणसं आपली धरायची, याला कॅचमेंट म्हणतात. प्रत्येक विमानतळाचा अहवाल असं वर्तुळ काढतो आणि प्रत्येक अहवाल आपापल्या जागी बरोबर असतो. एका दुपारी मी चिपी, मोपा, दाबोळी आणि बेळगाव या चार विमानतळांची वर्तुळं एकाच नकाशावर काढून पाहिली. चारही वर्तुळं सावंतवाडीवर येऊन एकमेकांवर पडली. सावंतवाडीचा एकच माणूस चार अहवालांत चार विमानांत बसलेला होता.

चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला. गोव्यातला मोपा ५ जानेवारी २०२३ला सुरू झाला. मधे सव्वा वर्ष. पण मोपाची पायाभरणी २०१६च्या नोव्हेंबरात झाली होती, म्हणजे येणारा शेजारी सगळ्यांना दिसत होता. सावंतवाडीहून मोपा जवळ, तिथे दिवसातून अनेक विमानं, भाडी कमी. चिपीहून मुंबईला उडानच्या मदतीवर एकच विमान. उडानमध्ये ठरावीक खुर्च्या मर्यादित भाड्यात विकायच्या, तोटा सरकारने तीन वर्षं भरून द्यायचा आणि तेवढा काळ त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला येऊ द्यायचं नाही, अशी तेव्हाची रचना होती. चिपीची ती तीन वर्षं २०२४मध्ये संपली आणि मुंबईची सेवा थांबली.

कोकणात आणखी एक गोष्ट असते, जी सरासरीत दिसत नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात सगळा चाकरमानी मुंबईहून कोकणात येतो आणि गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतर सगळा परत जातो. येणारं विमान भरलेलं आणि तेच विमान परत जाताना रिकामं, आठवड्याने बरोबर उलटं. वर्षाची सरासरी काढली की दोन्ही मिळून ‘ठीक’ दिसतं. कंपनीच्या हिशेबात मात्र रिकामी फेरी भरलेल्या फेरीचा नफा खाऊन टाकते. म्हणून मी नंतर कोकणाचा कुठलाही अंदाज दिशेनुसार वेगवेगळा मांडायला लागले. जाणारे वेगळे, येणारे वेगळे.

आता या किश्शाचा शेवट. मोपाच्या सावलीत चिपी झाकोळणार, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. मार्च २०२४मध्ये फ्लाय ९१ नावाची नवी कंपनी सुरू झाली आणि तिने पहिल्याच दिवसांत सिंधुदुर्गला बेंगळुरूशी जोडलं. या कंपनीचा तळ आहे मोपात.

विमानतळ आणि विमान कंपन्या यांची भेट घडवणारं एक संमेलन दरवर्षी जगात कुठे ना कुठे भरतं. त्याचं नाव ‘रूट्स’. १९९५मध्ये ते फ्रान्समधल्या कान शहरात पहिल्यांदा झालं. मोठ्या सभागृहात शेकडो छोटी टेबलं, प्रत्येक टेबलावर एक कंपनी, समोर एक विमानतळ, वेळ २० मिनिटं. वेळ संपली की उठायचं, पुढचं टेबल गाठायचं. वधूवर मेळाव्यासारखाच प्रकार, फक्त इथे सगळ्या विमानतळांना त्याच चार-पाच कंपन्या हव्या असतात. एका लहान विमानतळाच्या मंडळींबरोबर मी अशा एका भेटीला गेले होते. आमच्या साहेबांनी गावाची चित्रफीत आणली होती. किल्ला, मंदिर, धबधबा, साखर कारखाना. फीत पंधरा मिनिटं चालली. समोर कंपनीच्या नेटवर्क विभागातली एक शांत बाई बसली होती. तिने फीत पूर्ण पाहिली, हसून दाद दिली आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘सूर्यास्तानंतर तुमच्याकडे विमान उतरतं का?’’

तिच्याकडे एक एटीआर होतं. संध्याकाळी साडेसहानंतर ते रिकामं असायचं आणि तिला त्यासाठी एक फेरी हवी होती. विमान असं कधीमधीच मोकळं सापडतं. आमचा विमानतळ साडेपाचला बंद व्हायचा. ती पुढच्या टेबलाकडे वळली आणि ती फेरी दुसऱ्या राज्यातल्या एका गावाला गेली. परत आल्यावर मी विमानतळाच्या कोठारात चौकशी केली. रात्रीच्या उतरण्यासाठीचे दिवे येऊन खोक्यांत पडले होते. धावपट्टीच्या एका टोकाजवळची काही झाडं तोडायची परवानगी बाकी होती, म्हणून ते बसवले गेले नव्हते. त्या दिवसानंतर मी कोणत्याही विमानतळाला प्रवाशांचा अंदाज देण्याआधी तो किती वाजता उघडतो आणि किती वाजता बंद होतो, ते विचारते. ते उत्तर प्रवाशांच्या आकड्याच्या आधी लागतं.

शिर्डीत प्रवाशांची चिंता कोणालाच नव्हती. काकडी गावाजवळचा हा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ला राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाला आणि साईभक्तांनी विमानं भरली. अंदाज बरोबर आला, असं आम्ही सगळे म्हणालो. २०१९च्या नोव्हेंबरात हवा धुरकट झाली. तेव्हा तिथे वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी पाहूनच उतरावं लागे आणि त्यासाठी ५ किलोमीटरवरचं स्पष्ट दिसायला हवं होतं. ते दिसत नव्हतं. बरेच दिवस एकही विमान उतरलं नाही. भाविक पुण्याला, औरंगाबादला, मुंबईला उतरून रस्त्याने आले. म्हणजे मागणी एका माणसानेही कमी झाली नाही आणि विमानतळावर मात्र शुकशुकाट. आमच्या तक्त्यात हवामानासाठी एक रकाना होता. त्यात पावसाळ्याचे दिवस धरले होते, हिवाळ्याचे नाही.

करोनाचं थोडक्यात सांगते, कारण तो काळ सगळ्यांना माहीत आहे. एका विमानतळाचा वीस वर्षांचा अंदाज आम्ही मार्च २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात पाठवला. त्यात नेहमीसारखे तीन रकाने होते: आशावादी, मध्यम, निराशावादी. २५ मार्चला देशांतर्गत विमानं थांबली आणि २५ मेपर्यंत थांबलेलीच राहिली. २०१९मध्ये देशात १४ कोटी ४१ लाख लोकांनी देशांतर्गत विमानप्रवास केला होता. २०२०मध्ये ६ कोटी ३० लाख. आमच्या सर्वांत निराश रकान्याने कधी एवढा खाली पाहिला नव्हता. मग खोलीत वाद सुरू झाला: प्रवास परत येईल तो व्ही अक्षरासारखा झटकन की यू अक्षरासारखा सावकाश? मोठ्या कंपन्यांचे अधिकारी आधी परत येतील, असं बहुतेकांचं मत होतं. आमच्यातल्या एका तरुण मुलीने सांगितलं, ‘‘नाही, आधी आई-बाबांना भेटायला जाणारे येतील.’’ तिचे स्वतःचे आई-बाबा तेव्हा अकोल्यात होते आणि ती दोन महिने त्यांच्यापासून लांब होती. तिचं बरोबर निघालं. घरची माणसं आधी उडाली, कंपन्यांचे अधिकारी व्हिडिओ कॉलवर बरीच वर्षं राहिले. १७ नोव्हेंबर २०२४ला देशात एका दिवसात देशांतर्गत प्रवासी पहिल्यांदा ५ लाखांच्या वर गेले. तो आकडा वाचला तेव्हा मी तिला फोन केला. ती आता दुसऱ्या कंपनीत हेच काम करते.

प्रवासी आहेत, वेळ आहे, दिवे आहेत, आकाश स्वच्छ आहे आणि तरीही विमान नाही, असंही होतं. मोपा सुरू झाला तेव्हा तिथून उडणाऱ्यांत गो फर्स्ट महत्त्वाची होती. चार महिनेही झाले नव्हते, मे २०२३च्या सुरुवातीला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि विमानं थांबवली. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांअभावी आमची जवळजवळ निम्मी विमानं जमिनीवर उभी आहेत, असं कंपनीने सांगितलं. पुढे त्याच इंजिनांपायी इंडिगोचीही बरीच विमानं उभी राहिली. गोव्याच्या एखाद्या विमानतळावर पुढच्या मे महिन्यात किती माणसं उतरतील, हे सांगायला आता अमेरिकेतल्या इंजिनाच्या कारखान्याची बातमी वाचावी लागते. मी ती वाचते. रोज सकाळी, रेल्वेच्या वेटिंग लिस्टच्या शेजारी.

आमच्या धंद्यात नव्या मुलांना कॅनडाच्या मिराबेलची गोष्ट सांगतात. मॉन्ट्रियलचा तो प्रचंड विमानतळ १९७५मध्ये उघडला. प्रवासी वाढतच जातील, असा अंदाज होता. पण विमानांचा पल्ला वाढला, वाहतूक टोरंटोकडे सरकली, शहराजवळचा जुना विमानतळही चालूच राहिला. २००४मध्ये मिराबेलची प्रवासी विमानं बंद झाली आणि पुढे त्याची टर्मिनल इमारत पाडून टाकली. शेतकऱ्यांकडून घेतलेली कितीतरी जमीन नंतर परत करावी लागली. ही गोष्ट सांगताना मला नेहमी त्या शेतकऱ्यांचीच आठवण येते. अंदाज चुकला की तो अहवाल लिहिणाऱ्याला फारसं काही होत नाही.

नवी मुंबईची गोष्ट उलटी. केंद्राने त्या विमानतळाला २००७मध्ये मान्यता दिली. भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ला झालं. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला आणि पहिली प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ला. मधल्या अठरा वर्षांत कितीतरी खोल्यांत कितीतरी अंदाज झाले. त्या सगळ्यांत एक ओळ दरवेळी पुसून नव्याने लिहावी लागे, ती म्हणजे उघडण्याचं वर्ष. प्रवाशांचा आकडा मात्र दरवेळी खरा ठरत गेला, कारण ती माणसं सांताक्रूझच्या रांगेत उभीच होती. पहिल्या टप्प्यात हा विमानतळ वर्षाला २ कोटी प्रवासी घेऊ शकतो. जळगाव, नांदेड, कोल्हापूर, सिंधुदुर्ग यांच्यासाठी यातलं मोलाचं काय असेल तर मुंबईच्या वेळेचे नवे स्लॉट. सकाळी जाऊन रात्री परत येणारं विमान लहान गावाला द्यायचं असेल तर ते आता देता येईल. त्यासाठीचे अहवाल पुन्हा लिहायला हवेत आणि ‘मागणी नाही’ असं लिहिलेल्या जुन्या फाईली पुन्हा उघडायला हव्यात.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या जिल्ह्यात स्टँडवर, ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर किंवा रेल्वे फलाटावर कोणी वही घेऊन ‘तुम्ही विमानाने कुठे जाता’ असं विचारायला आलं तर घाईत ‘मुंबई’ म्हणून पुढे जाऊ नका. गेल्या वर्षी खरोखर कुठे गेलात, कोणत्या विमानतळावरून उडालात, घरून किती वाजता निघालात आणि किती वाजता परत आलात, ते सांगा. बॅगेवरची जुनी पट्टी पुढच्या प्रवासाआधी काढायलाच हवी, नाहीतर बॅग भलतीकडे जाऊ शकते. पण काढण्याआधी तिच्यावरची तीन अक्षरं त्या वहीत लिहू द्या.